मॅडम, इंटर्नलचे मार्क कशाचे?

हा इंटर्नलचा, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाचा, प्रश्न मुलं मला दरवर्षी विचारतात, पण ऑक्टोबरात. सबमिशनचा आठवडा, स्टाफरूमचं दार आणि काखेत अर्धवट जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. तोवर टेस्ट होऊन गेलेली असते, सेमिनारचे विषय वाटून झालेले असतात आणि विचारणाऱ्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. हाच प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला तर त्याचा उपयोग होतो. मी तालुक्याच्या गावी बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे उदाहरणं माझ्या लॅबमधली येतील. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी बुरेटच्या, म्हणजे लॅबमधल्या मोजनळीच्या, जागी प्रोजेक्ट समजून वाचावं.

पहिल्या तासालाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या: पेपर किती क्रेडिटचा, इंटर्नल किती, लेखी किती, इंटर्नलमध्ये टेस्ट, असाइनमेंट, हजेरी यांची वाटणी कशी आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं का. कुठे ३०-७० असतं, कुठे ४०-६०. ताईच्या वेळी काय होतं ते धरून चालू नका, कारण २०२४-२५पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम संलग्न कॉलेजांतही आला आहे. सरांनी आपणहून सांगितलं नाही तर हात वर करून विचारा. 'आल्या आल्या मार्कांचंच पडलंय' असं कुणी पुटपुटेल, पुटपुटू दे. फक्त त्याआधी विद्यापीठाच्या साइटवरचा सिलॅबस एकदा उघडून बघा. त्यात प्रत्येक घटकाला किती तास ते दिलेलं असतं. सिलॅबस वाचून आलेल्या मुलाला टोलवणं आम्हालाही अवघड जातं.

आता हजेरी. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. दोन क्रेडिटच्या थिअरी पेपरला सगळे मिळून ३० तास. ७५ टक्के म्हणजे २३ तासांना बसायलाच हवं, उरले सात. त्या सातांत गणपती, ताप, मामेबहिणीचं लग्न आणि बंद पडलेली एसटी असं सगळं बसवायचं असतं. ऑगस्टमध्येच ते कँटीनला उडवले की नोव्हेंबरात डिफॉल्टर लिस्टला नाव लागतं आणि मग वडिलांना घेऊन यायची वेळ येते. प्रॅक्टिकल चुकलं तर त्याच आठवड्यात येऊन भेटा. दुसऱ्या बॅचमध्ये टेबल रिकामं असेल तर बहुतेक जण बसू देतात. पुढच्या आठवड्यात मात्र ती द्रावणं ओतून टाकलेली असतात, आणि एकट्यासाठी परत करून द्या म्हणणं म्हणजे लॅब असिस्टंटच्या दुपारच्या जेवणावर घाला.

निरोप कसा लिहायचा, हे कुणी शिकवत नाही. रात्री साडेअकराला 'मॅम उद्या येऊ का' असा मेसेज येतो. कोण, कुठे, कशाला? डीपीवर बुलेट. त्यापेक्षा हे बघा: 'नमस्कार मॅडम, एफवाय बीएस्सी, बॅच बी, रोल नंबर ४७. मंगळवारचं टायट्रेशनचं प्रॅक्टिकल तापामुळे चुकलं. गुरुवारी बॅच सीबरोबर बसू का? जर्नल तोवरचं पूर्ण आहे.' याला मी 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहिते आणि काम होतं. ग्रुपवर नको, वैयक्तिक पाठवा. ग्रुपवर आला की त्याखाली 'मॅडम मी पण' अशी रांग लागते.

जर्नलबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त खटके तिथेच उडतात. टायट्रेशनला, म्हणजे बुरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडून रंग बदलेपर्यंत (एंड पॉइंटपर्यंत) किती लागलं ते मोजताना, आधी अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग आणि त्यातून सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट (सारखं येणारं) बुरेट रीडिंग. एका बॅचची जर्नलं घेऊन बसले की पानामागून पान ९.८, ९.८, ९.८. बुरेट वेगळी, हात वेगळे, डोळे वेगळे आणि आकडा मात्र सगळ्यांचा एकच! आदल्या वर्षीचं जर्नल कुणाकडून फिरत आलं तेही बहुधा मला माहीत असतं, कारण त्यातली आकडेमोडीची चूकसुद्धा तशीच उतरलेली असते. याउलट एखाद्याचं रीडिंग १०.३ असतं आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'रंग फिकट गुलाबीऐवजी गडद झाला, एंड पॉइंट पुढे गेला.' त्याला ओरलला काय विचारायचं ते मला लगेच सुचतं, आणि त्याला उत्तरही येतं. आलेलं रीडिंगच लिहा. चुकलेल्या रीडिंगचे मी मार्क कापत नाही, ढापलेल्याचे कापते, आणि हे मी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगून टाकते.

सहीचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख हवा. मागच्या आठवड्याचं तुम्ही लिहून आणायचं, सही आम्ही त्याच दिवशी करायची. आमच्याकडून राहिली तर आठवण करा, त्यात उद्धटपणा काही नाही. सगळी जर्नलं सर्टिफिकेटच्या पानासाठी एकदम शेवटच्या दिवशी आली की कोणतंही जर्नल नीट तपासलं जात नाही, आणि ते तुमच्याही फायद्याचं नसतं.

तुम्ही आमच्याकडून काय मागावं? तास वेळेवर सुरू व्हावा. टेस्टचा पेपर तपासून हातात मिळावा, नुसते मार्क भिंतीवर नकोत. शेवटच्या आठवड्यात दोन युनिट 'स्वतः वाचा' म्हणून ढकलू नयेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर 'मॅडम, एकदा मराठीत सांगता का' हे बेधडक म्हणावं. पहिल्या सेमिस्टरला वर्गातल्या निम्म्यांना तेच हवं असतं, फक्त बोलायचं कुणी हा प्रश्न असतो.

एक गोष्ट मात्र मुलांच्या लक्षात येत नाही. सगळे शिक्षक दिवसभर कॉलेजात सापडत नाहीत. कायम सहायक प्राध्यापकाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमाप्रमाणे आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, बाकी वेळ परीक्षा, प्रवेश आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायली. पण तासिका तत्त्वावरचे सर तासाप्रमाणे मानधन घेतात आणि दुपारी कदाचित दुसऱ्या कॉलेजात असतात. त्यांना शंका तास संपताच विचारा, 'नंतर केबिनमध्ये येतो' म्हणू नका. त्यांना केबिन नसते.

मार्कांवरून वाद असेल तर 'मॅडम, थोडे वाढवा ना' या वाक्याने काहीही होत नाही. 'प्रश्न तीन (ब)ला पाचपैकी दोन आहेत, समीकरण बॅलन्स केलंय, मार्क कुठे गेले?' असं विचारलं की मला पेपर उघडावाच लागतो. विद्यापीठाच्या पेपरसाठी फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाचे अर्ज असतात. त्यांच्या मुदतीचं परिपत्रक निकाल लागल्या लागल्या शोधा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच सांगितलेलं आहे. तक्रारच करायची वेळ आली तर आधी विषयशिक्षक, मग एचओडी (विभागप्रमुख), मग प्राचार्य. तिथेही काही झालं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती, जी यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार असायलाच हवी. छेडछाडीचा किंवा लैंगिक त्रासाचा प्रकार असेल तर या पायऱ्या चढत बसू नका, थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जा.

आणि तो फीडबॅक फॉर्म. सगळ्या रकान्यांत 'उत्कृष्ट'वर टिक करून पळू नका, बाबांनो. त्यातून मला काय कळणार?

नव्याने रुजू झालेल्यांना दोनच गोष्टी सांगते. इंटर्नलची वाटणी आणि टेस्टच्या तारखा पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहा आणि मुलांना फोटो काढू द्या, म्हणजे पुढे 'तुम्ही म्हणाला होतात', 'मी म्हणालेच नव्हते' हा घोळ होत नाही. दुसरं, सकाळचा तास घेणार नसाल तर ते आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका. आमच्याकडे मुली सहाच्या एसटीने येतात. त्यांना स्टँडवर उतरल्यावर कळून काही उपयोग नाही, कारण परतीची गाडी अकराला असते.