क्रेनचं मॉडेल बनवताय? आधी दोरीचा विचार करा, बूम नंतर

माझे काका मुंबईच्या गोदीत खलाशी होते, म्हणजे आता ज्याला रिगर म्हणतात ते काम, भार बांधून क्रेनला लावायचं. मी पहिली क्रॉलर क्रेन (ट्रॅकवर चालणारी) मॉडेलमध्ये बनवली, रंग बिंग एकदम मस्त झालेला, आणि कौतुकाने त्यांना दाखवली. त्यांनी बूमकडे, म्हणजे क्रेनच्या लांब हाताकडे, बघितलंच नाही, थेट हुककडे बघितलं आणि म्हणाले, "अरे ह्या दोरीवर वजनच नाहीये, ही क्रेन काय उचलत नाही." खरंच होतं ते. दोरा सैल, जरासा वळवळलेला, हुक ब्लॉक (हुक आणि त्याच्या वरच्या पुल्यांचा ठोकळा) तिरका. दोन महिने पितळ झाळण्यात घालवले होते आणि दोरा मात्र शेवटच्या रात्री घाईत ओवला होता. तेव्हापासून मी उलट्या क्रमाने काम करतो, आधी दोरी कुठून कुठे जाते ते कागदावर काढतो आणि मगच पितळ कापायला घेतो. तीच पद्धत इथे सगळी सांगतो.

स्केल 1:50 धरा. बांधकाम मशीनची बाजारात मिळणारी बहुतेक मेटल मॉडेल्स याच स्केलची असतात त्यामुळे शेजारी ट्रेलर, एक्स्कॅव्हेटर ठेवता येतो. क्रेन कुठलीही घ्या पण जाळीच्या बूमची घ्या, 250 ते 300 टन वर्गातली, म्हणजे कोबेल्को सीकेई 2500 किंवा लीबहेर एलआर 1300 सारखी. कंपनीचं माहितीपत्रक पीडीएफमध्ये मिळतं आणि त्यात मापं, बूमचे तुकडे, दोरीची जाडी, रीव्हिंगचं (दोरी पुल्यांतून कशी ओवायची त्याचं) चित्र सगळं असतं. त्याची प्रिंट काढून भिंतीला लावा. सोबत साईटवरचे फोटो हवेतच, मेट्रोचं किंवा उड्डाणपुलाचं काम चालू असेल तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभं राहून झूम करून काढा, बूमचं डोकं, ड्रम (दोरी गुंडाळायचं रीळ), मागचा गँट्री (बूमची दोरी धरणारी उभी चौकट) असे वेगवेगळे. माहितीपत्रकात ड्रमवर दोरी वरून येते का खालून ते नीट कळत नाही, फोटोत कळतं.

आता हिशोब, कारण इथेच बरेच जण चुकतात. लांबी 50 ने भागायची हे सगळ्यांना माहीत असतं, 60 मीटरचा बूम म्हणजे 1200 मिमी. पण वजन 50 ने भागायचं नसतं, 50 गुणिले 50 गुणिले 50 म्हणजे 1,25,000 ने भागायचं. 20 टनाचा गर्डर मॉडेलमध्ये फक्त 160 ग्रॅम. 4 टनाचा हुक ब्लॉक 32 ग्रॅम. आणि खऱ्या क्रेनवर 250 टनाचा मोठा ब्लॉक असतो तेव्हा दोरीच्या फेऱ्या, म्हणजे बूमचं डोकं आणि ब्लॉक यांच्यातल्या दोऱ्या, दहा बाराहून जास्तच असतात, त्या सगळ्या तुम्ही मॉडेलमध्ये ओवल्या तर एका दोऱ्याच्या वाट्याला 3 ग्रॅमही येत नाहीत. तीन ग्रॅमने कुठला दोरा सरळ होणार? म्हणून दोरा सैल दिसतो, तुमचा हात वाईट आहे म्हणून नाही.

याला उपाय दोन आणि मी दोन्ही करतो. एक, फेऱ्या कमी करा. खऱ्या साईटवरही क्रेन 250 टनाची आहे म्हणून रोज मोठाच ब्लॉक लावत नाहीत, हलक्या कामाला छोटा ब्लॉक आणि 4 फेऱ्या असतात, त्यामुळे हे खोटं नाहीये. दोन, ब्लॉकच्या दोन्ही गालांच्या (बाजूच्या पट्ट्यांच्या) मधे जिथे जागा असेल तिथे शिसं भरा. मासेमारीचं सामान विकतात तिथे शिशाच्या गोळ्या मिळतात, हातोडीने चपट्या करून चिकटवायच्या. हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा, शिसं विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

दोरा कुठला? या वर्गाच्या क्रेनची वायर रोप साधारण 26 ते 28 मिमी, म्हणजे मॉडेलला 0.52 ते 0.56 मिमी. पाकिटावर लिहिलेल्या जाडीवर विसंबू नका, पेन्सिलीवर 20 वेढे चिकटून चिकटून द्या आणि पट्टीने मोजा, 10 ते 11 मिमी भरले की झालं. मी मासेमारीचा वेणीचा दोरा वापरतो, ब्रेडेड म्हणतात तो, गडद राखाडी रंगाचा. त्याला पीळ नसतो म्हणून हुक ब्लॉक गरगर फिरत नाही. शिवणाच्या दोऱ्याला पीळ असतो आणि वजन लावलं की तो उलगडायला बघतो, मग तुम्ही कितीही सरळ ओवा, दुसऱ्या दिवशी ब्लॉक आडवा फिरलेला. नायलॉनची एकेरी तंगूस तर नकोच, रिळावरचं वळण ती सोडत नाही आणि चमकतेही. शिवणाचाच दोरा वापरायचा असेल तर पॉलिस्टरचा घ्या, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा म्हणजे सुटे तंतू बसतात, आणि रात्रभर 200 ग्रॅम वजन लटकवून ठेवा म्हणजे जे काही ताणायचं ते आधीच ताणून होईल. सुती नको, पावसाळ्यात दमट हवेने त्याची लांबी बदलते आणि दिवाळीला बघाल तर बूमचा कोन वेगळाच.

पुल्या. खऱ्या पुलीचा व्यास दोरीच्या साधारण 20 पट धरा, म्हणजे मॉडेलला 10-11 मिमी. लेथ नसेल तर पातळ प्लॅस्टिक शीटच्या तीन चकत्या, मधली छोटी आणि बाजूच्या दोन मोठ्या, चिकटवून घ्या, मग पितळी तारेवर बसवून ड्रिल मशीनमध्ये पकडा आणि हळू फिरवत तिकोनी कानशीने खाच साफ करा. एक गोष्ट मात्र पाळा, पुल्या ॲक्सलला चिकटवू नका. एकाच ब्लॉकमधल्या पुल्या खऱ्या क्रेनवर वेगवेगळ्या वेगाने फिरतात, ड्रमकडची सगळ्यात जोरात. सगळ्या जखडल्या तर दोरा पुल्यांवरून घासत जातो, ताण सगळ्या फेऱ्यांत सारखा वाटला जात नाही आणि एखादी फेरी कायम ढिली राहते.

आता बूम. चार मुख्य नळ्या 2 मिमी पितळेच्या, आडव्या तिरक्या काड्या 1 मिमी तारेच्या, बूमची रुंदी 40 मिमीच्या आसपास, हे माहितीपत्रकातल्या मापाशी ताडून घ्या. पितळ आणि तार मुंबईत नागदेवीला, पुण्यात बोहरी आळीत शोधा, सुटं देणारं दुकान सापडेपर्यंत चार ठिकाणी विचारावं लागतं. प्लॅस्टिकच्या काड्यांचा बूम पण होतो पण एवढ्या लांबीला दोऱ्याच्या ताणाने तो काही महिन्यांत वाकतो, माझा वाकला. प्लायवूडवर चित्र चिकटवा, कडेने बारीक खिळे ठोका, त्यात दोन नळ्या अडकवून एक बाजू शिडीसारखी सपाट झाळून घ्या. अशा दोन शिड्या झाल्या की त्या उभ्या करून मधल्या काड्या लावायच्या. 60 वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, 25 वॅटचं असेल तर ते पितळ तापवूच शकत नाही आणि तुम्ही जास्त वेळ टेकवून ठेवता, मग शेजारचा जोड सुटतो. शेजारच्या जोडावर ओला कापूस ठेवायचा. तिरक्या काड्यांची टोकं नळीवर एकाच बिंदूला भेटली पाहिजेत, तिथे एक मिलिमीटरचा जरी फरक पडला तरी लांबून जाळी विस्कटलेली दिसते. आणि झाळून झालं की कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश, फ्लक्स (झाळताना लावायचं रसायन) राहिला की रंगाखालून हिरवं येतं.

अख्खा बूम सलग करू नका. खऱ्या बूमचे तुकडे 3, 6, 12 मीटरचे असतात आणि पिनांनी जोडतात, तुमचे 60, 120, 240 मिमीचे होतील. प्रत्येक कोपऱ्यात 1 मिमी तारेची पिन. एसटीने, लोकलने प्रदर्शनाला न्यायचं तर सव्वा मीटरचा बूम कुठे धरून बसणार.

गाडा, ट्रॅक, केबिन यावर मी फार लिहीत नाही, थ्रीडी प्रिंट करा नाहीतर जुन्या मॉडेलचं घ्या, चालतं. फक्त काउंटरवेट (क्रेन पुढे कलू नये म्हणून मागे लावलेलं वजन) पोकळ ठेवू नका. खरं 100 टन असेल तर तुमचं 800 ग्रॅम झालं पाहिजे. बूम 75 अंशावर असेल तर 1200 मिमी बूमचं टोक पायथ्यापासून आडवं 310 मिमीवर येतं, तोच 60 अंशावर आणला की 600 मिमी, म्हणजे क्रेनला पुढे ओढणारा जोर जवळपास दुप्पट. तेव्हा कोन ठरवण्याआधी टेबलावर गादी ठेवून एकदा लटकवून बघा.

मग ओवणी, आणि इथे घाई नको, सुट्टीचा अख्खा दिवस ठेवा. आधी बूम उचलणारी दोरी, हुकची नंतर. बूम पुस्तकांच्या थप्पीवर हव्या त्या कोनात टेकवा. बूमच्या डोक्यापासून मागे येणारे पेंडंट (ठराविक लांबीच्या, बूम धरून ठेवणाऱ्या दोऱ्या) डावे उजवे अगदी सारख्या लांबीचे हवेत, नजरेने नाही, प्लायवूडवर दोन खिळे ठोकून त्यांच्यात ताणूनच दोन्ही बनवा, टोकाला पितळी नळीचा छोटा तुकडा चेपला की सॉकेट तयार. डाव्या उजव्यात एक मिलिमीटर फरक असेल तर बूमला पीळ बसतो आणि समोरून बघितलं की डोकं वाकडं दिसतं. बऱ्याच युरोपियन क्रेनवर दोरीऐवजी लोखंडी पट्ट्यांचे पेंडंट असतात, फोटो बघूनच ठरवा. मग गँट्री आणि पेंडंटच्या टोकाचा ब्लॉक यांच्यात ओवायचं, पुस्तकं हळूहळू काढायची, बूम दोरीवर आला पाहिजे.

हुकची दोरी 4 फेऱ्यांची अशी जाते: ड्रमवरून बूमच्या डोक्यावरच्या पहिल्या पुलीवर, तिथून खाली ब्लॉकच्या पहिल्या पुलीतून वर, डोक्याच्या दुसऱ्या पुलीवरून परत खाली, ब्लॉकच्या दुसऱ्या पुलीतून वर आणि शेवट बूमच्या डोक्यालाच बांधायचा. फेऱ्या सम असतील तर टोक बूमला, विषम असतील तर टोक ब्लॉकला. 5 फेऱ्या करून टोक बूमला बांधलेलं मॉडेल मी बघितलंय, ते शक्यच नाही, मोजून बघा. पुल्या जास्त असतील तर दोन्ही बाजूंना सारख्या वापरा म्हणजे ब्लॉक तिरका होत नाही. ड्रमवर वेढे एकाला एक चिकटून, आणि हुक अगदी जमिनीला टेकला तरी ड्रमवर दोन तीन वेढे उरलेच पाहिजेत. टोकाची गाठ लगेच सुपरग्लूने पक्की करू नका, चिमट्याने धरून ठेवा, भार लटकवा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी परत ताणून मग चिकटवा. काका शेजारी बसून "आरिया, आरिया" करत हुक खाली घ्यायला सांगायचे आणि "हबेस" म्हटलं की वर. अशी दहा बारा वेळा दोरी चालवली की ती पुल्यांवर आपोआप बसते.

भार पण खरा दिसला पाहिजे. गर्डर लाकडाचा केलात तर आत शिसं घालून 160 ग्रॅमच करा, तेवढ्यानेच चारही फेऱ्या तारेसारख्या ताणल्या जातात. दोन पायांची स्लिंग (भार हुकला अडकवायची दोरी किंवा पट्टा) लावताना आडव्या रेषेपासून कोन 60 अंश ठेवा, तेव्हा प्रत्येक पायावर भाराच्या साधारण 58 टक्के ताण येतो. कोन 30 वर आणलात तर प्रत्येक पायावर अख्ख्या भाराएवढा ताण, साईटवर कुणी खलाशी असं बांधणार नाही. पट्ट्याची स्लिंग दाखवायची तर शिवणाच्या दुकानात 3 मिमीची साटीन रिबीन मिळते. रंगाला अर्थ आहे, 1 टन जांभळा, 2 हिरवा, 3 पिवळा, 5 लाल, आणि 10 टनापासून वर सगळे नारिंगी. आपला गर्डर 20 टनाचा आहे म्हणून नारिंगीच. गर्डरच्या दोन्ही टोकांना एकेक टॅग लाईन (भार फिरू नये म्हणून खालून धरायची दोरी) सोडा आणि तिथे माणूस उभा करा, भाराच्या खाली मात्र कुणी नको.

रंगाचं एकच सांगतो. पितळावर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरणारा अस्तर रंग, मारल्याशिवाय रंग धरत नाही. आणि गंज दाखवायचा मोह आवरा. ट्रॅकच्या पट्ट्या घासून चकाकतात, ब्लॉकच्या कडांचा रंग उडतो, पण दोरीला ग्रीस असतं, ती काळपट राखाडी दिसते. तपकिरी गंजलेली दोरी म्हणजे तपासणीत बाद होणारी दोरी.

कपाटात ठेवताना भार खाली टेकवून ठेवा, महिनोन्महिने ताणात ठेवलं तर बूमच्या डोक्यावरची पिन वाकते. धूळ मऊ ब्रशने, दोऱ्यावर फुंकर मारली तरी चालते, पुसायला जाऊ नका. आणि दोरा दोन तीन वर्षांनी बदलायचाच आहे हे धरून चला, म्हणून ओवणीचं ते कागदावरचं चित्र टाकू नका, काउंटरवेटच्या खाली घडी करून ठेवा.