फ्रीबीएसडीचे स्नॅपशॉट उबुंटूवर नेताना ‘यू’ विसरू नका

झेडएफएस ही फ्रीबीएसडी आणि उबुंटू या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी फाइल साठवण्याची व्यवस्था. तिच्यावरचा डेटा नुसता कॉपी केला की आजच्या फाइली येतात, मागचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळी टिपून ठेवलेली डेटाची स्थिती, मागेच राहतात. खानापुरातल्या एका स्टुडिओचे लग्नाचे फोटो हलवताना मी वापरलेली रीत ही:

१. जुन्या मशीनवर ‘झेडएफएस स्नॅपशॉट’ या कमांडला लहान ‘आर’ हा पर्याय लावा, म्हणजे आतले सगळे डेटासेट (झेडएफएसमधले डेटाचे वेगवेगळे कप्पे) एकाच वेळी पकडले जातात.

२. ‘झेडएफएस सेंड’ला मोठा ‘आर’ लावून एसएसएचमधून (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) थेट पलीकडच्या ‘झेडएफएस रिसीव्ह’मध्ये सोडा.

३. रिसीव्हला ‘यू’ आणि ‘एस’ दोन्ही लावा.

‘यू’ फार महत्त्वाचा. मोठ्या ‘आर’मुळे जुने माउंटपॉइंटही, म्हणजे डेटासेट कोणत्या फोल्डरवर जोडला जातो त्या जागाही, सोबत येतात. ‘यू’ नसेल तर आलेला डेटासेट उबुंटूच्या चालू होम फोल्डरवरच माउंट होऊ शकतो आणि तिथल्या फाइली गायब झाल्यासारख्या वाटतात. त्या गेलेल्या नसतात, झाकल्या जातात. पण तेवढ्यात माणसाचा जीव खालीवर होतो. माउंटपॉइंट बदला, मगच माउंट करा.

‘एस’ आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी. मध्येच वीज गेली तरी अर्धवट डेटा टिकतो. घेणाऱ्या डेटासेटवर रिझ्यूम टोकन (तुटलेलं काम तिथूनच पुढे नेण्याचा कोड) मिळतो, तो ‘सेंड’ला ‘टी’ लावून द्या. त्याने फक्त तुटलेला स्नॅपशॉट पुरा होतो, त्यापुढच्या उरलेल्या स्नॅपशॉटसाठी ‘सेंड’ पुन्हा चालवावं लागतं.

सेंडची फाइल पेनड्राइव्हवर ठेवून तिलाच बॅकअप समजू नका. ती थोडी जरी बिघडली तरी रिसीव्ह अडतं. दोन्हीकडची स्नॅपशॉटची यादी जुळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.