नवऱ्याला कॅनडात बोलावताना: कागद कसे लावायचे

माझा पहिला अर्ज परत आला तो एका सहीपायी. आयएमएम 1344 हा स्पॉन्सरचा, म्हणजे जोडीदाराला बोलावणाऱ्याचा फॉर्म, म्हणून मी मिसिसागात बसून तो भरला, सही ठोकली, अपलोड केला. पण तो दोघांमधला करारही असतो आणि त्यावर नवऱ्याचीही सही लागते. ती जागा कोरी राहिली. इमिग्रेशन खातं "बाई, एक सही राहिली" असं कळवत बसत नाही, अख्खा अर्ज अपूर्ण म्हणून परत करतं. इकडे आठवडे वाया गेले आणि तिकडे तासगावजवळच्या गावात सासूबाई रोज विचारायच्या, "झालं का गं काम?"

दुसऱ्या खेपेला मी सगळं नीट केलं, ते सांगते. मी इथली पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, आणि नवरा भारतात, अशा जोडप्याचा हा हिशेब आहे. क्विबेकमध्ये राहत असाल तर तिथले वेगळे सोपस्कार आहेत, त्यात मी पडत नाही. पीआर असाल तर कॅनडातच राहत असायला हवं. तुम्ही स्वतः कोणाची बायको किंवा नवरा म्हणून स्पॉन्सर होऊन आला असाल, तर पीआर झाल्यापासून 5 वर्षं थांबावं लागतं. पगार किती हवा, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारतात. जोडीदारासाठी किमान उत्पन्नाचा आकडा सहसा लागत नाही, मात्र अपंगत्वाचं कारण सोडून सरकारी मदतीवर जगत असाल तर स्पॉन्सर होता येत नाही. आणि नवरा पीआर झाल्यापासून 3 वर्षं त्याच्या खर्चाची हमी तुमच्यावर असते. मधे काडीमोड झाला तरी ती सुटत नाही.

1344 मध्येच एक छोटा चौकोन आहे, तिथे घाई करू नका. तुम्ही स्पॉन्सर म्हणून अपात्र ठरलात तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा, असं तो विचारतो. मागे घेतलात तर स्पॉन्सरशिपची फी सोडून बाकीचे पैसे परत मिळतात. पुढे चालवलात तर पैसे अडकतात, पण अपिलाचा हक्क राहतो. मी पुढे चालवण्यावर खूण केली.

आता नावं. आपल्या अर्जांचा निम्मा घोळ इथेच होतो. माझ्या सासऱ्यांचं नाव दत्तात्रय. इंग्रजीत आधारवर शेवटी एक 'ए' जास्त, नवऱ्याच्या पासपोर्टवर तो नाही आणि दहावीच्या मार्कशीटवर मधलाच एक 'ए' गायब. मी पासपोर्टचं स्पेलिंग धरलं, सगळ्या फॉर्मवर तेच लिहिलं आणि बाकीची स्पेलिंगं कुठल्या कागदावर आहेत ते एका पानाच्या पत्रात सांगून टाकलं. बायकांनी तर आणखी जपायला हवं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललं असेल, नाहीतर तांदळात नवं नाव लिहून आधारही त्याच नावाने केलं असेल, तर 'दुसरं कुठलं नाव वापरलंय का' याला उत्तर 'हो'. माहेरचं पूर्ण नाव लिहा, राजपत्रातली नोंद असेल तर जोडा.

जन्मतारखांचंही तसंच. सासऱ्यांची तारीख 1 जून. सासूबाईंचीही 1 जून. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या गावाला 1 जूनच दिलेला असतो. पण ओटावात बसलेल्या माणसाला हा योगायोग खटकेल. खरी तारीख म्हणून अंदाजाने दुसरं काही घालू नका. कागदावर आहे तेच लिहा आणि त्या पत्रात एक ओळ टाका. आयएमएम 5406 या कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्ममध्ये आईवडील, सगळी भावंडं (सावत्रसुद्धा) आणि मुलं येतात. वारलेल्यांचीही नोंद करायची. नावं इंग्रजीसोबत आपल्या लिपीतही मागतात. सगळ्या अर्जात देवनागरीला जागा मिळाली ती एवढीच, आणि नवऱ्याने ती फार मन लावून भरली.

आयएमएम 5669 म्हणजे मागच्या 10 वर्षांचा पाढा: कुठे राहिलात, काय करत होतात. एका महिन्याचीही फट चालत नाही. नवऱ्याची दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एमपीएससीचा अभ्यास करण्यात गेली होती. भाडेकरार नाही, पगार नाही, निकालही नाही. एका एजंटने सांगितलं, "शेतीचा बिझनेस लिहा, चांगलं दिसतं." अजिबात लिहू नका. खोटी माहिती पकडली गेली तर 5 वर्षांची बंदी येते. आम्ही लिहिलं: बेरोजगार, स्पर्धा परीक्षेची तयारी, खर्च वडिलांचा. त्यावर कोणी एक शब्द विचारला नाही. तारखांसाठी नवऱ्याला जुने अभ्यासिकेचे पास, यूपीआयचे व्यवहार आणि मित्राचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उपसावे लागले.

खरी मेहनत आयएमएम 5532 ची. ओळख कोणी करून दिली, पहिल्यांदा कुठे भेटलात, नातं पुढे कसं गेलं, लग्नाला कोण आलं होतं, हे सगळं त्यात असतं. लग्न खरं आहे की केवळ पीआरसाठी, हे ते यावरून तोलतात. आमचं ठरवून झालेलं लग्न. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "मामीने स्थळ सुचवलं, पसंती झाली, लग्न झालं." आपल्या माणसाला एवढं पुरतं. तिकडच्या वाचणाऱ्याला यात दोन अनोळखी माणसांनी घाईत केलेलं लग्न दिसेल. मग सविस्तर लिहिलं: मामी नवऱ्याच्या बहिणीला कशी ओळखते, पोह्यांच्या कार्यक्रमाला घरात अकरा माणसं होती, आम्ही दोघं गच्चीवर चाळीसेक मिनिटं बोललो, त्यानंतर चार महिने रोज फोन, मग साखरपुडा, मग फेब्रुवारी 2024 मध्ये लग्न. सप्तपदी म्हणजे काय, हळद आदल्या दिवशी का, हेही एकेका वाक्यात.

फोटो जास्तीत जास्त 20. स्टेजवरचे दोनच ठेवा. आम्ही गच्चीतला सेल्फी, देवदर्शनाचा, सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातला असे निवडले आणि प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी ते लिहिलं.

संपर्काचा पुरावा 10 पानांपुरता. इथे आमची गंमत झाली. आमच्या चॅटमध्ये निम्मं "जेवलास का?", "हो, तू?", "झोप आता" एवढंच. आणि मराठी असल्याने प्रत्येक पानाचं भाषांतर हवं. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर लागतं आणि ते तुम्ही, जोडीदार किंवा घरच्यांपैकी कोणी केलेलं चालत नाही, घरात इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं शपथपत्रही जोडावं लागतं. म्हणून पानं महिन्यांवर पसरवून निवडली: साखरपुड्याआधीचं एक, मी परत निघाले त्या रात्रीचं एक, आमच्या भांडणाचंही एक. सोबत विमानाची तिकिटं आणि बोर्डिंग पास.

भाषांतर आलं की मुळाशी ताडून बघा. आमच्या लग्नपत्रिकेवर "चि." आणि "चि. सौ. कां." होतं. भाषांतरकाराने ती आद्याक्षरं समजून तशीच इंग्रजीत उतरवली, त्यामुळे माझ्या नावाआधी तीन नवी नावं चिकटली! आजेसासऱ्यांच्या नावाआधीचं "कै." ही तसंच. हे परत करून घेतलं.

विवाहनोंदणी गावात, ग्रामपंचायतीत केलेली. ग्रामसेवकांनी दिलेलं प्रमाणपत्र अस्सल होतं, पण पूर्ण मराठीत आणि हाताने लिहिलेलं. त्याचंही भाषांतर केलं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून, फी 500 रुपये. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात असेल तर चौकशीसाठी दोन ठाणी लागू शकतात, म्हणून हे काम आधी हाती घ्या. माझ्याकडून पीआर कार्डाच्या दोन्ही बाजू, आयकराची नोटीस ऑफ असेसमेंट आणि कंपनीचं पत्र. सगळं आयएमएम 5533 या यादीशी जुळवलं, एकेका ओळीवर पेन ठेवून.

2024 मध्ये मी 1,205 डॉलर आणि बायोमेट्रिकचे 85 भरले. त्यातली पीआर हक्काची फी नंतरही भरता येते, पण मी सोबतच भरली. फीचे आकडे बदलत राहतात, भरायच्या दिवशी तपासा. पोर्टलवर शेवटी अर्जदाराने सही म्हणून नाव टाइप करायचं, ते पासपोर्टवर आहे अगदी तसंच.

त्यानंतर पोचपावती येते, मग बायोमेट्रिकचं पत्र, त्यावर 30 दिवसांची मुदत. स्पॅम फोल्डर बघत जा. मेडिकलही त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच होतं. या काळात काही बदललं, मूल झालं, घर बदललं, तर लगेच कळवा. न कळवलेलं मूल पुढे स्पॉन्सर करणं फार अवघड होऊन बसतं. नवऱ्याने मधेच नोकरी बदलली, तेव्हा मी त्याच रात्री इमिग्रेशन खात्याचा वेबफॉर्म भरला आणि जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटरही जोडलं, म्हणजे मधले नऊ दिवस कुठे गेले हा प्रश्न उरला नाही.