इंकजेट फोटोवरील आडवे पट्टे : कारण कसे शोधावे

छापलेल्या फोटोत, विशेषतः आकाशासारख्या सपाट रंगाच्या भागात, पट्टे दिसू लागले की बहुतेक जण लगेच हेड क्लीनिंग (शाई सोडणारे प्रिंट हेड साफ करण्याची प्रिंटरमधील सोय) सुरू करतात; परंतु त्यात बरीच शाई खर्च होते आणि दोष अनेकदा दुसरीकडेच असतो. म्हणून आधी साध्या कागदावर नोझल चेक, म्हणजे हेडमधील शाईची बारीक छिद्रे (नोझल) मोकळी आहेत का हे दाखवणारा रेषांचा नमुना, छापावा. त्यातील रेषा तुटक असतील, तरच क्लीनिंग करावे आणि प्रत्येक वेळी पुन्हा नोझल चेक घ्यावा. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही, तर प्रिंटर काही तास तसाच ठेवून पुन्हा तपासणे हे लागोपाठ क्लीनिंग करण्यापेक्षा नक्कीच शहाणपणाचे आहे.

नमुना निर्दोष असेल, तर कागद सरकण्याकडे लक्ष द्यावे. कागद गरजेपेक्षा जास्त सरकला तर फिकट रेषा उमटतात, कमी सरकला तर गडद; ड्रायव्हरमधील (संगणकावरील प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधील) पेपर फीडची, म्हणजे कागद सरकण्याची, सुधारणा यासाठीच असते. त्याआधी निवडलेला कागदाचा प्रकार प्रत्यक्ष कागदाशी जुळतो का, हे पाहावे, हेड अलाइनमेंट (शाईचे ठिपके नेमक्या जागी पडावेत म्हणून हेडची जुळणी) करावे आणि दोन्ही दिशांनी छापणारा हाय स्पीड पर्याय बंद करावा.

तरीही शंका उरल्यास तेच चित्र ९० अंशांत फिरवून छापावे. पट्टे चित्राबरोबर फिरले, तर दोष फाइलमध्ये आहे: अशा वेळी मूळ फाइल १६ बिटमध्ये (रंगछटांच्या अधिक पायऱ्या असलेल्या स्वरूपात) उघडून रंगांचे संपादन नव्याने करावे.