आमदारांना निवेदन देताय? आधी पोचेचं बघा

निवेदनाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. बाकीचं खालचं नाही वाचलंत तरी चालेल. आरोग्य हक्काच्या कायद्यासाठी आम्ही उन्हातान्हात फिरून 140 सह्या जमवल्या होत्या. आमदारांच्या पीएंनी निवेदन घेतलं, चहा पाजला आणि कागद लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला. तीन आठवड्यांनी विचारायला गेले, तर "कसलं निवेदन, ताई?" आमच्याकडे होता फक्त देतानाचा फोटो. त्यात सगळे हसताना दिसतात, कागदावरचं एक अक्षर वाचता येत नाही.

तारीख, सही वगैरे सांगत बसत नाही. आपला मतदारसंघ मात्र तपासा, तालुका एक म्हणजे आमदार एक असं नसतं. सह्यांसमोर गावाचं नाव हवं. आपल्या मतदारांचा कागद आहे हे दिसलं की तो जरा नीट वाचला जातो.

मागणी एकच, एका पानात. "आरोग्य सेवा सुधाराव्यात" असं लिहिलंत तर "नक्की, नक्की" म्हणतील आणि विषय संपेल. अत्यवस्थ रुग्णावर अनामत रक्कम न मागता उपचार सुरू करण्याचं बंधन कायद्याने घाला, असं स्पष्ट लिहा. राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा 21 मार्च 2023 ला विधानसभेत मंजूर केला, त्यात ही तरतूद आहे. डॉक्टर संपावर गेले, 4 एप्रिलला तडजोड झाली आणि 50 खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयं वगळायचं ठरलं. हे पाठ करूनच जा, कारण पहिला प्रश्न "डॉक्टरांचं काय?" हाच येतो. दुसरा येतो, "आपल्याकडे कायदा आहे की!" आहे, 1949 चा, पण तो शुश्रूषागृहांच्या, म्हणजे नर्सिंग होमच्या, नोंदणीचा. 2021 च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायला सांगितलंय. सनद भिंतीवर लागली म्हणून हक्काचा कायदा झाला असं होत नाही. इथे आवाज चढवू नका. मी चढवला होता.

आमदारांनी नेमकं काय करायचं तेही लिहून द्या: तारांकित प्रश्न (मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) की अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं). तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, त्यांच्याकडे सरकारी विधेयकच मागा आणि प्रश्नासाठी विधान परिषदेतला कुणी गाठा. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात, म्हणून आपण नोव्हेंबरअखेर जाऊ, हा हिशेब चुकीचा.

आणि पोच. "साहेबांना देतो की, पोच कशाला?" म्हणतील. तुम्ही हसत उभे राहा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक. शिक्का नसेल तर हाताने लिहून घ्या. पीए ओळखीचे असले तरी घ्या, आमचेही ओळखीचेच होते. चहा आला तर पोच झाल्यावर प्या.

पुढचं थोडक्यात. पोचेचा लगेच फोटो काढून ग्रुपवर टाका, मूळ प्रत एकाच माणसाकडे ठेवा. त्याच निवेदनाची आणखी एक प्रत आरोग्यमंत्र्यांना स्पीड पोस्टने, पोस्टाची पावती जपून ठेवा. पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून फोन. उत्तर नाही आलं तर परत जा, नवं निवेदन, नवी पोच.