स्पीड ९४ च्या पुढे जाईना

घरच्या इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्ट ९४ च्या वर कधी गेलीच नाही. केबलवाल्या दादांना फोन केला की ठरलेलं उत्तर, "राउटर बंद करून चालू करा." सोसायटीत दुसरा कोणी नव्हताच, मग करणार काय?

आकडा मात्र रोज ९४ च, हे खटकत होतं. १०० च्या जोडणीवर प्रत्यक्षात तेवढंच मिळतं, म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चं कुलूप होतं. फायबरच्या डबीतून राउटरला गेलेली लॅन केबल उपसली आणि प्लग उजेडात धरला. आठऐवजी चारच तारा! बाकीच्या चार सरळ छाटलेल्या. चार तारा म्हणजे दोनच जोड्या, आणि दोन जोड्यांवर १०० च्या पुढे जाताच येत नाही, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) चारही जोड्या लागतात. आठही तारांची तयार कॅट-६ केबल आणून लावली आणि १९० दिसले. (डबी आणि राउटर दोन्हींचे पोर्ट गिगाबिट आहेत ना, ते आधी बघा. माझे होते, नशीब.)

पुढच्याच महिन्यात जिन्यातून दुसऱ्या कंपनीची फायबर वर चढली. त्या संध्याकाळी आमचे दादा न बोलावता दारात, हातात नवाकोरा राउटर.

"काका, स्पीड बरोबर येतोय ना?"