कमी पैशांत टिकाऊ लॅपटॉप कसा निवडावा

हातात पैसे बेताचे असले की बहुतेक जण लॅपटॉपवरचे स्टिकर वाचतात, प्रोसेसरचे नाव पाहतात आणि तेवढ्यावर निर्णय घेतात. प्रत्यक्षात प्रोसेसर मंद पडला म्हणून लॅपटॉप टाकून द्यावा लागला, असे क्वचितच घडते. तो मोडीत निघतो तो तुटलेल्या बिजागरीमुळे, सैल झालेल्या चार्जिंग पिनमुळे किंवा रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती, वाढवण्याची सोयच नसल्यामुळे. म्हणून आधी बांधणी पाहावी, मग कोणते भाग बदलता येतात ते पाहावे आणि वेगाचा विचार त्यानंतर करावा.

बिजागरीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण स्वस्त लॅपटॉपचा जीव तिथेच जातो. बिजागरी स्वतः धातूची असते, पण तिचे स्क्रू ज्या इवल्याशा पितळी नटांमध्ये बसतात, ते नट पातळ प्लॅस्टिकमध्ये रुतवलेले असतात. झाकण उघडताना पडणारा सगळा ताण त्या प्लॅस्टिकवर येतो. कालांतराने बिजागरी घट्ट होत गेली की तो आणखी वाढतो आणि एके दिवशी नट प्लॅस्टिकच्या तुकड्यासकट उपटून बाहेर येतो. सुरुवातीला फक्त स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात केसाएवढी फट दिसते. झाकण उघडमीट करताना ती रुंदावत असेल किंवा कटकट असा आवाज येत असेल, तर तो लॅपटॉप कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. त्यानंतर यंत्र पुढच्या एका कोपऱ्याला धरून अलगद उचलावे आणि कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबून पाहावे. सांगाडा पिळवटला किंवा कीबोर्ड खोल दबला, तर आतल्या मदरबोर्डलाही (मुख्य सर्किट बोर्डलाही) तोच ताण सोसावा लागणार, हे उघड आहे.

या कसोट्यांवर नवा, सर्वांत स्वस्त लॅपटॉप बहुधा कमी पडतो आणि कार्यालयीन वापरासाठी बनवलेला जुना लॅपटॉप बहुधा टिकतो. लेनोवोच्या थिंकपॅडची टी मालिका, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक यांची अनेक मॉडेल्स कंपन्या काही वर्षे वापरून एकगठ्ठा बाहेर काढतात. त्यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि हे लॅपटॉप उघडून दुरुस्त कसे करावेत याची पुस्तिका निर्माते स्वतः इंटरनेटवर विनामूल्य देतात. माझ्या मते बेताच्या पैशांत हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र ‘लष्करी मानकानुसार तपासलेला’ या शब्दांवर फार विसंबू नये. त्या मानकात अनेक चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या, हे निर्माताच ठरवतो.

जुना म्हणजे किती जुना, यालाही मर्यादा आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. इथे ‘आय-७’ या नावाने अनेकांची फसगत होते. आय-७ ४६००यू हा २०१३ चा प्रोसेसर दोन कोअरचा, म्हणजे काम करणाऱ्या दोन स्वतंत्र भागांचा आहे, तर २०१७ च्या आय-५ ८२५०यू मध्ये चार कोअर आहेत. त्यामुळे नावापेक्षा त्यापुढचा आकडा वाचावा; ४६०० म्हणजे चौथी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली वापरण्याची तयारी असेल, तर याहून जुने यंत्रही बरेच दिवस काम देते.

रॅम ८ जीबीपेक्षा कमी नसावी, पण ती वाढवता येते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच झाळलेली असते. साठवणुकीसाठी बदलता येणारी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) हवी. ईएमएमसी प्रकारची, बोर्डला चिकटलेली साठवण असलेला लॅपटॉप टाळावा.

वापरलेला लॅपटॉप हाती घेतल्यावर घाई करू नये. सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का आणि टचपॅड वर उचलला गेला आहे का, ते पाहावे; दोन्ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणे असू शकतात आणि फुगलेली बॅटरी धोकादायक असते. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीची किंमत व्यवहारातून वजा करून घ्यावी. चार्जर लावून वायर हलक्या हाताने हलवावी. चार्जिंग तुटत असेल, तर पिन किंवा वायर खराब असू शकते. कीबोर्डवरची प्रत्येक कळ दाबून पाहावी. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरावे. तिथे पासवर्ड मागितला गेला किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर एखाद्या संस्थेच्या खात्याने लॉगिन करण्याचा आग्रह झाला, तर ते यंत्र अजून मूळ मालकाच्या ताब्यातून सुटलेले नाही असे समजावे आणि विक्रेत्याने ते आपल्यासमोर मोकळे करून दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.